अठ्ठेचाळीस जीबीचा डोंगर

अमृत वाळुंजाचा डोंगर अगदी छान चालला होता. पाच हजार झाडं, बावीस बंगले, खाली पवनेचं निळंशार पाणी, आणि हे सगळं त्याच्या कॉम्प्युटरच्या आठ जीबीच्या ग्राफिक्स कार्डात मजेत मावत होतं. तेवढ्यात आबा चहाचा कप घेऊन जिना चढून आले आणि त्यांनी तो डोंगर बघितला. पुढे जे काही झालं त्याला जबाबदार कोण, यावर वाळुंजांच्या घरात आजही एकमत नाही.

अमृतचा धंदा असा, की लोणावळ्याच्या बाजूला जे बंगले अजून बांधलेलेच नाहीत ते बांधल्यासारखे दाखवायचे. गिऱ्हाईक पडद्यावरच्या गच्चीत उभं राहतं, पडद्यावरचा सूर्यास्त बघतं आणि खराखुरा चेक फाडतं. कामशेतच्या पेठेत, तांदळाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत त्याचं ऑफिस, घर शेजारीच. सहा वर्षांपूर्वी तळेगावातल्या एका कारखान्याची नोकरी त्याने 'मला कुणाची ताबेदारी नको' असं चार माणसांत म्हणून सोडली होती, आणि त्या चौघांपैकी एकही जण ते वाक्य विसरला नव्हता. यंदा धंदा पार बसला. कारखान्याने पुन्हा बोलावलं होतं, दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर व्हा म्हणून. मध्ये उभा होता तो फक्त हा डोंगर. लोणावळ्याच्या आर्किटेक्ट यशोधरा ओव्हाळ यांनी हे काम दिलं होतं. दसऱ्याला बिल्डर कैलासशेठना दाखवायचं. शेठना आवडलं तर वर्षभराचं काम, नाही आवडलं तर सोमवार.

यशोधराताईंनी जमिनीच्या चढउतारांचा नकाशा दिला होता आणि म्हणाल्या होत्या, "झाडं तेवढी जागेवर जाऊन बघा आणि टाका. तुम्ही इथलेच आहात." अमृत गेला होता की बघायला. श्रावणात गेला. वर पोचल्यावर त्याला स्वतःची चप्पल दिसत होती आणि तिच्यापलीकडे धुकं. त्याने धुक्याचे चार फोटो काढले, खाली येऊन दोन प्लेट कांदाभजी खाल्ली आणि 'पाहणी झाली' असं डायरीत लिहून टाकलं. उपग्रहाच्या नकाशात बघावं, तर नेमका त्याच डोंगराच्या डोक्यावर ढग. मग त्याने बाजारात तयार मिळणारी तीन झाडं घेतली आणि त्यांच्याच पाच हजार प्रती पेरल्या. यात लबाडी काही नाही, या धंद्यात सगळे असंच करतात. कार्ड तीनच झाडं ध्यानात ठेवतं आणि तीच सगळीकडे उभी करतं, त्यामुळे मेमरी कमी लागते.

आबांना, म्हणजे अमृतचे वडील हौशीराम वाळुंज यांना, यातलं काही ठाऊक नव्हतं. वय पंच्याहत्तर, गुडघे गेलेले, नजर मात्र घारीची. "ह्यो कुठला डोंगर?" त्यांनी विचारलं. अमृतने गावाचं नाव सांगितलं.

"म्हंजी माज्या आजोळचा?" आबांनी कप टेबलावर ठेवला. "आरं, हितं मी आठ वर्सं गुरं राखल्यात." ते पडद्याला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. "ह्ये सगळं रान एकाच आईच्या पोटचं दिसतंय. आन ही कुठली झाडं रं? असली झाडं मी फकस्त बिस्किटाच्या डब्यावर बघितलीत."

"आबा, मुंबईच्या लोकांना काय कळतंय त्यातलं?"

"त्यास्नी न्हाई कळत. पन तू तर हितलाच न्हवं?"

आता एखाद्याने हे बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असतं. पण अमृतला कारागीर असल्याचा अभिमान होता आणि अभिमानी माणसाला खड्ड्यात घालायला ढकलावं लागत नाही, नुसता खड्डा दाखवला तरी पुरतं. शिवाय विचार पुष्कळ बरा होता. पुन्हा धुक्यात कशाला जा, घरात चालताबोलता नकाशा असताना? त्याने आबांना खुर्ची दिली आणि तिन्ही तयार झाडं पुसून टाकली.

मग आबा सांगू लागले. खिंडीजवळ वाकडा ऐन. त्याच्यावर वीज पडलेली, म्हणून अर्धं अंग काळं. त्याच्या वरच्या अंगाला सात हिरडे. टेपाडावर पळस, पण सलग नाही, गुरांच्या वाटेनं फुटलेले. जांभळीला खालून तिसरी फांदी नाही, कारण ती आबांच्या वजनाने मोडली होती. अमृत एकेक झाड वेगळं घडवत गेला, साल वेगळी, पान वेगळं, ढोली वेगळी. प्रत्येक झाड खरं दिसायला लागलं आणि प्रत्येक झाड मेमरीत वेगळी जागा मागायला लागलं.

हे आबांनी एकट्याने सांगितलं असतं तर निभावलं असतं. पण समोरच्या गल्लीत मुक्ताबाई राहतात, आबांची मामेबहीण. आबांचं आजोळ ते त्यांचं माहेर. तिसऱ्या दिवशी त्या आल्या, चष्मा पुसून डोंगर बघितला आणि म्हणाल्या, "माज्या आंब्याला काय झालं?" आंबा राहिला होता. आंबा टाकला. मग उंबरावरून जुंपली. आबा म्हणत तो ओढ्याच्या अलीकडे, मुक्ताबाई म्हणत पलीकडे. दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते आणि दोन्ही दिवस आपापला निरोप अमृतमार्फत पाठवत होते. शेवटी अमृतने अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन उंबर उभे केले आणि घरात शांतता आणली. एकेक उंबर पाऊण जीबीचा झाला. त्याच्या बायकोने, सविताने, हे ऐकून एवढंच विचारलं, "बंगले आहेत ना अजून त्यात?"

पितृपक्ष संपता संपता कॉम्प्युटरने मान टाकली. पडदा काळा आणि त्यावर एक ओळ, मेमरी अपुरी आहे. अमृतने हिशेब घातला. डोंगराला अडतीस जीबी हवे होते आणि कार्ड होतं आठचं.

तो पुण्याला गेला. दुकानदाराने आधी सोळा जीबीचं एक झगमगीत कार्ड काढलं, त्यात तीन पंखे आणि सात रंगांचे दिवे. "सर, वेगाला याच्यासारखं नाही. कुठला गेम खेळता?"

"गेम नाही. डोंगर ठेवायचाय. अडतीस जीबीचा."

दुकानदाराने दिव्यांचं कार्ड मुकाट्याने परत ठेवलं आणि मागच्या कपाटातून एक काळं, चपटं, कसलाही नखरा नसलेलं कार्ड आणलं. व्यावसायिक कामाचं, अठ्ठेचाळीस जीबी, एका स्टुडिओत वापरलेलं. दोन लाख तीस हजार. अमृतने विचारलं, वेग जास्त आहे का? तर म्हणे नाही, जरा कमीच. मग एवढे पैसे कशाचे?

"जागेचे," दुकानदार म्हणाला. "तुम्ही लोणावळ्याकडचे ना? गुंठ्याला काय भाव चाललाय तिकडे? तिथे कुणी विचारतं का, की जमीन पळते किती जोरात?"

घरी गाडी घ्यायला म्हणून बाजूला काढलेले पैसे होते, ते त्याने देऊन टाकले. सविता एका शब्दानेही रागावली नाही. तिने स्कूटरच्या डिकीत नवा रेनकोट आणून ठेवला आणि त्याची पावती देवासमोर ठेवली.

खरी कसोटी पुढेच होती. कार्ड बघायला सविताचा भाऊ ओंकार आला. ओंकार टेम्पो चालवतो आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. "दाजी, किती जीबी?"

"अठ्ठेचाळीस."

ओंकारने खिशातून मोबाइल काढला. "हा दोनशे छप्पन्न. बावीस हजार. वर कव्हर फुकट."

अमृतने त्याला समजावलं, की बाबा, मोबाइलमधली मेमरी म्हणजे कणगी. त्यात भरून ठेवायचं. कार्डाची मेमरी म्हणजे खळं. मळणीच्या वेळी जेवढं एकदम पसरता येतं तेवढंच कामाचं. पसरायला जागा नसेल तर कणगी कितीही मोठी असून उपयोग काय? ओंकारने मान डोलावली, म्हणाला कळलं, आणि बाहेर जाऊन पेठेत सांगितलं की दाजींनी दोन लाख तीस हजाराचं खळं घेतलंय. पुढचे आठ दिवस अमृत पेठेतून मान वर करून गेला नाही. पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत जो तो आपापल्या मोबाइलचे जीबी सांगायचा आणि मग सहानुभूतीने बघायचा. एकाने तर विचारलं, पावती आहे ना, परत घेत असतील अजून.

कार्ड बसवलं आणि खालच्या दुकानातलं तांदूळ पॉलिश करायचं मशीन सुरू झालं, तशी अख्ख्या इमारतीची वीज गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. कार्ड किंवा तांदूळ, एक काय ते ठरवा, असं दुकानमालकाने ऐकवलं. विजेचा मंजूर भार वाढवून घ्यायला अमृत वीजकचेरीत गेला. तिथल्या अर्जात 'यंत्राचा प्रकार' असा रकाना होता आणि त्यात निवडायला पिठाची गिरणी, वेल्डिंग, शीतगृह आणि उसाचा चरक एवढंच होतं. अमृतने पाऊण तास आपलं यंत्र समजावून सांगितलं. कारकुनाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्यात फिरतं काय?"

"पंखा फिरतो."

"मग गिरणीच की." आणि त्याने तसं लिहिलं. भार मात्र चार दिवसांत वाढवून मिळाला, हे कबूल केलं पाहिजे. फक्त त्यानंतर दोनदा बायका डोक्यावर ज्वारीचे डबे घेऊन जिना चढून आल्या आणि गिरणी कधी सुरू होणार म्हणून विचारून गेल्या.

पण डोंगर उठला. एकदाचा उठला. अडतीस जीबी त्या काळ्या चपट्या कार्डात असे पसरले, की ऐनाच्या काळ्या अंगावरची मुंग्यांची वारुळंसुद्धा दिसू लागली. अष्टमीला दुपारी अमृतने चित्रफीत बनवायला लावली. मशीन न थांबता चाळीस तास चालायला हवं होतं, म्हणजे दसऱ्याच्या पहाटे फिल्म हातात.

नवमीला मुक्ताबाई हळद-कुंकू आणि झेंडूची माळ घेऊन आल्या. खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची पूजा. खाली दुकानदाराचा काटा, मापं, पॉलिशचं मशीन, सगळं धुऊनपुसून झेंडूखाली विसावलेलं.

"बंद कर त्ये," आबा म्हणाले.

"आबा, आज बंद नाही करता येणार. उद्या दाखवायचंय."

"चालत्या हत्याराची पूजा कुणी केलीया का? आजच्या दिवशी हत्याराला इसावा असतो. पोळ्याला बैल जुपतो का आपन?"

"हा बैल नाहीये."

"दोन लाख तीस हजाराचा हाय. बैलापरीस जड."

अमृत खाली चहा आणायला म्हणून गेला, ही त्याची चूक. परत आला तेव्हा कॉम्प्युटरवर माळ होती, हळद-कुंकू होतं, पुढे फोडलेला नारळ होता, आणि पंख्याचा आवाज नव्हता. आबांनी आधी मशीनला हात जोडले होते आणि मग बटण बंद केलं होतं. सव्वीस तासांचं काम गेलं. मुक्ताबाईंनी त्याच्या हातावर खोबरं ठेवलं.

फिल्म नाही, वेळ नाही. आता एकच मार्ग उरला. अख्खं मशीन लोणावळ्याला न्यायचं आणि शेठसमोर डोंगर जिवंत उघडायचा, तिथल्या तिथे फिरवून दाखवायचा. दसऱ्याच्या सकाळी ओंकारचा टेम्पो निघाला. कार्ड धक्क्याने निखळेल म्हणून अमृतने ते वेगळं काढलं होतं आणि टॉवेलात गुंडाळून आबांच्या मांडीवर दिलं होतं. आबांना न्यायचं नव्हतं, पण ते टेम्पोत आधीच बसलेले होते. डोंगर त्यांनी सांगितलेला होता, तेव्हा त्यांच्याशिवाय तो दाखवणार कोण, असा त्यांचा साधा सवाल होता. सुट्टीचा दिवस, अख्खी मुंबई घाटमाथ्यावर. कार्ल्यापासून पुढे टेम्पो गोगलगाईसारखा चालला आणि आबा रस्ताभर शेजारच्या गाड्यांतल्या लोकांना टॉवेल उघडून कार्ड दाखवत होते.

हॉटेलच्या हॉलमध्ये यशोधराताई वाट बघत होत्या. कैलासशेठ पुढच्या खुर्चीत, त्यांची दोन माणसं मागे. अमृतने कार्ड बसवलं, मशीन लावलं आणि डोंगर उघडला. मोठ्या पडद्यावर रान हललं. खिंडीतून वाट वर गेली, ऐन आला, पळस आले, करवंदीच्या जाळीतून ऊन खाली सांडलं. हॉलमध्ये चहा वाटणारा माणूस ट्रे घेऊन जागीच थांबला. अमृतला वाटलं, जिंकलो.

"ओव्हाळ मॅडम," शेठ म्हणाले, "ही कुठली साइट?"

"आपलीच."

"आपल्या साइटवर मी गेल्या आठवड्यात गेलो होतो. तिथे तीन झाडं आहेत. त्यातलं एक मोबाइलचा टॉवर आहे."

यशोधराताईंनी अमृतकडे बघितलं, आणि त्या नजरेत रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं, ते त्याला जास्त लागलं. कारखान्याचं गेट, सोमवार, पंचिंगची रांग, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आलं. तो आबांकडे वळला. "आबा, तुम्ही तिथे शेवटचं कधी गेला होतात?"

"तुजा जलम व्हायच्या आदी." आबा उठले होते. गुडघ्यावर हात ठेवत पडद्याजवळ गेले. "म्हंजी, वाकडा ऐन न्हाई?"

"नाही, आजोबा," शेठ म्हणाले.

"हिरडं?"

"काहीच नाही. नुसता मुरूम आहे."

"उंबर? दोनीबी?"

यशोधराताईंनी मान हलवली. आबा पडद्यावरच्या आंब्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मुक्तीला सांगू नगा."

इतका वेळ अमृतला स्वतःची लाज वाटत होती. आता तो ती विसरला. त्याने आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. कुणी तोडली, हे आबांनी एकदा विचारलं. कुणी चुलीला नेली असतील, कुणी कोळशाला, कुणी रस्त्याला. म्हातारा पाणी प्यायला, मिशी पुसली आणि शेठकडे वळला.

"जागा तुमची हाय न्हवं? मंग लावा की. कुटं काय हुतं त्ये ह्यानं दावलंय, नावं म्या सांगितल्यात. अजून काय पायजे?"

शेठ हसणार होते, पण हसले नाहीत. मागच्या माणसाकडे वळून त्यांनी विचारलं, "आपण झाडांचं काय ठरवलं होतं?"

"पाम, सर. बाहेरून मागवलेले. चारशे."

"मागच्या वर्षी शेजारच्या प्लॉटवर हेच पाम लावले होते," यशोधराताई म्हणाल्या. "पहिल्याच पावसात आडवे झाले. ही झाडं त्या वाऱ्यातलीच आहेत, शेठ. टिकतील."

"आणि बुकिंगला आलेल्या माणसाला काय दाखवू? मुरूम?"

अमृतला आपला आवाज कुठून आला ते कळलं नाही. "आज लावलेली रोपं दाखवू. मग पाच वर्षांनी कसं दिसेल ते, मग वीस वर्षांनी. बंगला घेणारा स्वतःच्या गच्चीतून बघेल, त्याचं झाड कुठवर आलंय. प्रत्येक झाड माझ्याकडे वेगळं आहे, तेव्हा प्रत्येकाची वाढ वेगळी दाखवता येईल."

"वीस वर्षांत हे सगळं येतं?"

"पळस येतो," आबा म्हणाले. "ऐनाला चाळीस धरा."

आता मात्र शेठ हसले. त्यांनी डोंगर पुन्हा फिरवायला लावला, तीनदा. सात नंबरचा बंगला आंब्याच्या बुंध्यात उभा राहत होता. तो बाजूला घ्या, म्हणाले. दहा आणि अकरा उंबराच्या सावलीत आले तर चालतील, त्यांचा भाव वाढवता येईल. मग उठले, यशोधराताईंना म्हणाले, "वर्षभर यांनाच द्या," आणि जाता जाता आबांना विचारलं, की उंबर दोन कसे?

"एक माजा, एक भैनीचा," आबा म्हणाले.

सोमवारी सकाळी अमृतने कारखान्यात फोन करून येत नाही म्हणून कळवलं. या वेळी कुणाच्या ताबेदारीबद्दल तो काही बोलला नाही. फोन ठेवतो तोच जिन्यावर आबांची काठी वाजली. आबा आत आले, कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून उभे राहिले.

"ह्यात अजून किती जागा हाय?"

"दहाएक जीबी."

"मंग लिव्ह. पलीकडच्या अंगाला वढा हाय, त्याच्या काठाला सावरी हुत्या. तितनं सुरू करू."

"आबा, आधी सांगा, त्या सावरी आता आहेत का?"

आबांनी खुर्ची ओढली आणि सावकाश बसले. "त्ये बगायला तू जा," ते म्हणाले. "आन जाताना मलाबी न्हे. गुडग्याचं काय, वरपतूर वंकारच्या टेम्पोनं जाऊ."